गेमची जुनी कॅसेट अस्सल की डुप्लिकेट? पैसे भरण्याआधीची तपासणी आणि तिचा खर्च

‘पोकेमॉन एमरल्ड’ हा गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा गेम अमेरिकेत २००५ साली आला, तेव्हा दुकानात सुमारे ३५ डॉलरला मिळत होता. आज त्याची इंग्रजी कॅसेट, तीही खोका नाही, पुस्तिका नाही अशी सुटी, शंभर डॉलरच्या बरीच वर जाते. खोका आणि आतले कागद शाबूत असतील तर किंमत दुपटीहून जास्त होते. दिसायला अगदी तशीच असलेली बनावट कॅसेट मात्र चीनमधून घाऊक माल विकणाऱ्या साइटवर पाच-दहा डॉलरला मिळते. दहाची वस्तू दीडशेला खपत असेल तर ती बनवणारे आणि विकणारे कमी पडत नाहीत.

जुन्या गेमच्या ऑनलाइन बाजारात पोकेमॉनइतक्या नकला क्वचितच कशाच्या होत असतील. खेळ लोकप्रिय, मागणी जगभर आणि किंमत अशी की सामान्य नोकरदार माणूसही मन घट्ट करून मोजू शकतो. लाख-दोन लाख डॉलरची दुर्मिळ कॅसेट घेणारा तज्ज्ञाला विचारतो; दीडशे डॉलर देणारा फोटो पाहून बटण दाबतो. म्हणून हा लेख मुख्यतः गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पाच पोकेमॉन कॅसेटींवर आहे: रूबी, सफायर, फायररेड, लीफग्रीन आणि एमरल्ड. एकदा यांची पारख जमली की बाकीच्या कन्सोलकडे त्याच नजरेने पाहता येतं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. आतला सर्किट बोर्ड फोटोत पाहिल्याशिवाय अस्सल कॅसेटचा भाव देऊ नका. लेबल छापता येतं, खोका छापता येतो, विक्रेत्याच्या रेटिंगचे तारेही जमवता येतात. बोर्डाचं तसं नाही, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. निन्टेन्डोच्या अस्सल कॅसेटमध्ये खेळ ‘मास्क रॉम’ नावाच्या चिपमध्ये असतो. या चिपमध्ये माहिती मागाहून भरत नाहीत. कारखान्यात चिप घडवतानाच ती कायमची बसवली जाते. त्यासाठी लागणारा सुरुवातीचा खर्च मोठ्या संख्येने प्रती काढल्या तरच परवडतो. नक्कल करणारा तेवढा खर्च करत नाही. तो बाजारातली साधी फ्लॅश चिप घेतो, तिच्यात गेम भरतो आणि स्वस्तात स्वस्त बोर्डावर ती बसवतो. हा फरक कवच उघडलं की डोळ्यांना दिसतो.

बाहेरून काय दिसतं

बाहेरच्या खुणा पहिल्या चाळणीसाठी चांगल्या आहेत. त्यांनी ढोबळ नकला बाद होतात, अस्सलपणा मात्र सिद्ध होत नाही.

लेबलवरचा कोड आधी वाचा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कॅसेटवर ‘एजीबी’, मग चार अक्षरं, मग ‘यूएसए’ असं छापलेलं असतं. एमरल्डची चार अक्षरं बीपीईई, रूबीची एएक्सव्हीई, सफायरची एएक्सपीई, फायररेडची बीपीआरई आणि लीफग्रीनची बीपीजीई. एका खेळाच्या लेबलवर दुसऱ्याच खेळाचा कोड छापण्याची चूक नकला करणारे आजही करतात. त्यानंतर लेबलवर दाबून उमटवलेला दोन आकडी क्रमांक शोधा. कधी त्याच्यासोबत एखादं अक्षरही असतं. तो छापलेला नसतो, कागदात खोलगट उमटलेला असतो. त्यामुळे समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत दिसत नाही. लेबलवर तिरपा उजेड पाडून काढलेला फोटो मागायचा तो यासाठी.

कवचाचा रंगही बोलतो. रूबी, सफायर आणि एमरल्ड यांची कवचं पारदर्शक आहेत, अनुक्रमे लाल, निळी आणि हिरवी. उजेडासमोर धरली की आतला बोर्ड अंधुक दिसतो. एमरल्ड म्हणून गच्च, अपारदर्शक हिरवी कॅसेट समोर आली तर पुढे वाचायची गरज नाही. कवचाच्या माथ्यावर ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ ही अक्षरं साच्यातूनच उठलेली असतात. नकलेत ती जाड, उथळ किंवा कडांना बोथट असतात. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो. तिथे साधा अधिकच्या खुणेचा स्क्रू दिसला तर निदान कोणी तरी तो बदलला आहे एवढं नक्की.

कॅसेटची जी कड यंत्रात जाते तिथल्या फटीत डोकावा. सोनेरी पट्ट्यांच्या ओळीच्या वर बोर्डावर ‘निन्टेन्डो’ हे नाव छापलेलं दिसायला हवं. काही वर्षांपूर्वी एवढ्या एका खुणेवर निकाल देता यायचा. आता काही नकलांवर हे नावही छापलेलं येतं, त्यामुळे ते नसलं तर कॅसेट बाद, पण असलं म्हणून पैसे पाठवू नयेत.

कवच उघडल्यावर

विक्रेत्याला बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा, शेजारी तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. चिठ्ठीचा आग्रह सोडू नका, कारण अस्सल बोर्डाचे सुंदर फोटो इंटरनेटवर हजारोंनी पडलेले आहेत आणि नकला विकणारे तेच वापरतात. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहणंही दोन मिनिटांचं काम आहे. तोच फोटो तीन देशांतल्या तीन विक्रेत्यांकडे सापडला तर उत्तर मिळालं.

आता बोर्ड. अस्सल बोर्डावर निन्टेन्डोचं नाव, वर्ष आणि ‘एजीबी’पासून सुरू होणारा बोर्डाचा क्रमांक सुबक छापलेला असतो. चिपा चौकोनी, काठावर बारीक पाय असलेल्या, सरळ रेषेत बसलेल्या. त्यांच्यावरची अक्षरं स्पष्ट. सोल्डरिंग यंत्राने केलेलं, सगळीकडे सारखं. नकलेत बोर्ड बहुधा लहान आणि पातळ असतो, चिपांसाठी सोडलेल्या जागा रिकाम्या दिसतात, सोल्डरचे गोळे लहानमोठे असतात, आणि पुष्कळदा चिपेच्या जागी काळ्या डांबरासारखा गोल थेंब असतो. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेटमध्ये असा थेंब दिसला तर सौदा तिथेच थांबवा. ही खूण सरसकट सगळीकडे लावू नका मात्र. जपानी फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलच्या जपानी आवृत्तीच्या, कितीतरी अस्सल कॅसेटींमध्येही असा थेंब आहे. एका कन्सोलचा नियम दुसऱ्याला लावून चांगली वस्तू नाकारणारेही मी पाहिले आहेत.

बॅटरीचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, त्यात विक्रेत्याचा खोटेपणा झटकन उघडा पडतो. रूबी, सफायर आणि एमरल्डमध्ये सीआर१६१६ ही नाण्याएवढी बॅटरी असते, पण तिचं काम फक्त आतलं घड्याळ चालवणं. खेळाडूने साठवलेला खेळ फ्लॅश मेमरीत राहतो, त्याला बॅटरी लागत नाही. फायररेड आणि लीफग्रीनमध्ये घड्याळच नाही, म्हणून बॅटरीही नाही. यातून दोन पक्के निष्कर्ष निघतात. फायररेड किंवा लीफग्रीनच्या बोर्डावर बॅटरी दिसली तर ती नक्कल. आणि एमरल्ड विकणारा ‘बॅटरी संपलीय म्हणून सेव्ह होत नाही, बाकी ओरिजिनल’ असं म्हणत असेल तर कॅसेट नक्कल आहे किंवा बिघडलेली आहे. दोन्ही बाबतीत ती अस्सलच्या भावाची नाही.

उलट, वीस वर्षांपूर्वीची अस्सल रूबी किंवा एमरल्ड सुरू केल्यावर बहुतेक वेळा पडद्यावर आतली बॅटरी संपल्याची सूचना येते: खेळता येईल, पण वेळेवर अवलंबून असलेल्या घटना घडणार नाहीत. नवखा ग्राहक ही सूचना पाहून घाबरतो आणि भाव पाडून मागतो. ती प्रत्यक्षात चांगली खूण आहे. बॅटरी बदलून घेता येते आणि खर्च किरकोळ आहे. बॅटरी आधीच बदललेली असेल तर तिच्या दोन पायांपाशी हाताने केलेलं सोल्डरिंग दिसेल; तेवढं चालतं. मोठ्या चिपेभोवती हाताने केलेलं सोल्डरिंग दिसलं तर चालत नाही.

चिपांवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. ०४४५ म्हणजे २००४ सालचा पंचेचाळिसावा आठवडा. खेळ बाजारात येण्याच्या काही महिने आधीची किंवा तो विकला जात होता त्या काळातली तारीख हवी. खेळाचं उत्पादन बंद झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेली चिप आत असेल तर दुसरं स्पष्टीकरण उरत नाही.

चालवून पाहताना

कॅसेट हातात आली की लगेच चालवा. गेम बॉय सुरू होताना पडद्यावर निन्टेन्डोचं नाव झळकतं, ते पाहून काही लोक निश्चिंत होतात. ते नाव कॅसेटमध्ये साठवलेलं असतं आणि यंत्र स्वतःकडच्या नावाशी ते ताडून पाहतं. जुळलं नाही तर कॅसेट चालतच नाही. म्हणून प्रत्येक नकलेत ते असावंच लागतं.

खरी परीक्षा सेव्हची. खेळ साठवा, यंत्र बंद करा, कॅसेट काढून एक-दोन दिवस बाजूला ठेवा, पुन्हा लावा. अनेक नकला इथेच उघड्या पडतात. ‘वन एम सब-सर्किट बोर्ड’ बसवलेला नाही अशी इंग्रजी सूचना आली तर आतली मेमरी अस्सल नाही. काही नकला शेवटपर्यंत साथ देतात आणि खेळ जिंकल्यानंतर होणाऱ्या सेव्हला दगा देतात. म्हणजे पंचवीस-तीस तासांची मेहनत गेली. घरात जुना निन्टेन्डो डीएस किंवा डीएस लाइट आणि ‘डायमंड’ किंवा ‘पर्ल’ हा डीएसवरचा पोकेमॉन खेळ असेल तर आणखी चांगली चाचणी हाताशी आहे. या यंत्रांना खाली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटसाठी दुसरी खाच आहे. तिथे अस्सल एमरल्ड लावली की त्यातले पोकेमॉन नव्या खेळात हलवण्याचा पर्याय सुरुवातीच्या यादीत दिसतो. बऱ्याच नकला तिथे ओळखल्याच जात नाहीत.

हिशेब

तपासणीचा खर्च मुळात फार नाही. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटसाठी तीन पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. आयफोन दुरुस्तीच्या संचात येणारा वाय आकाराचा बिट इथे बारीक पडतो, मोठा घ्यावा. जुन्या गेम बॉय, एनईएस, सुपर निन्टेन्डो आणि निन्टेन्डो ६४च्या कॅसेटींसाठी ३.८ मिलिमीटरचा ‘गेमबिट’ लागतो. दोन्ही मिळून काही शे रुपयांत होतात, ऑनलाइन मिळतात, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून फिरलात तर हातात घेऊन पाहता येतात. वस्तू येण्याआधी ही हत्यारं घरात असू द्या. परतीची मुदत चालू झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर मागवत बसू नये.

आता भाव. विक्रेता मागतो ती किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ अशी गाळणी लावता येते, तिथले गेल्या काही आठवड्यांतले आकडे पाहा. ‘प्राइसचार्टिंग’ ही साइट अशाच विक्रीवरून सुटी, खोक्यासकट आणि नवी असे वेगवेगळे भाव देते. तिथल्या सुट्या कॅसेटच्या भावापेक्षा निम्म्याने स्वस्त काही दिसलं तर त्यामागचं कारण विक्रेत्याला नव्हे, बोर्डाला विचारा.

स्वस्ताचा मोह आकड्यांत मांडून पाहा. समजा, एका विक्रेत्याने बोर्डाचा फोटो दिलाय आणि १६० डॉलर मागतोय. दुसरा फोटो देत नाही, पण १२० मागतोय. नकलेची किंमत १० धरा. दुसऱ्याकडची कॅसेट नकली असण्याची शक्यता चारांत एकपेक्षा थोडी जरी जास्त असली तरी त्याचे १२० डॉलर पहिल्याच्या १६०पेक्षा महाग पडतात. बोर्ड न दाखवलेल्या पोकेमॉन कॅसेटींच्या बाबतीत ही शक्यता चारांत एकपेक्षा कमी आहे असं मी तरी धरून चालणार नाही. विक्रेता प्रामाणिक असेल आणि त्याच्याकडे स्क्रू ड्रायव्हर नसेल, असंही होतं. अशा वेळी फटीचा जवळून काढलेला फोटो आणि पारदर्शक कवचामागे टॉर्च धरून काढलेला फोटो मागा, आणि तेवढ्यावर घ्यायची तर भाव त्या हिशेबाने पाडून घ्या. ‘उघडली तर किंमत जाते’ हे उत्तर मात्र मान्य करू नका. योग्य हत्याराने सुटी कॅसेट उघडून बंद करायला मिनिटभर लागतं आणि मागे खूण राहत नाही.

परदेशातून मागवताना वस्तूच्या किमतीपलीकडचा खर्च आधी मांडा. १५० डॉलरची कॅसेट आणि २० डॉलर पाठवणी धरली तर १७०. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क साधारण २ ते ३.५ टक्के, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आणखी चार ते सात डॉलर. कस्टम ड्युटी वस्तूच्या नुसत्या किमतीवर लागत नाही, पाठवणी आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर लागते, आणि तिच्यावर आयजीएसटी. शिवाय कुरिअर कंपनी कागदपत्रांचं स्वतःचं शुल्क घेते. दर बदलत असतात, म्हणून मागवण्याच्या दिवशी कुरिअरकडून आकडा लेखी घ्या आणि वस्तूच्या किमतीच्या निम्म्याएवढी रक्कम बाजूला ठेवूनच पुढे जा. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्यामुळे पार्सल अडकू शकतं, हेही कुरिअरला आधी विचारून घ्यावं. ‘गिफ्ट म्हणून लिहून पाठवतो’ असं विक्रेता सुचवेल. भेटवस्तूंना मिळणारी सूट आपल्याकडे २०१९च्या डिसेंबरपासून, राखीसारखे मोजके अपवाद सोडता, बंद आहे. खोटी माहिती लिहिलेलं पार्सल हरवलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीएवढीच मिळते.

यावर मराठी घरांमध्ये सर्रास निघणारा तोडगा म्हणजे अमेरिकेतल्या भावाच्या नाहीतर मावशीच्या पत्त्यावर पार्सल पाठवायचं आणि दिवाळीत कोणी येईल त्याच्याबरोबर आणायचं. खर्च वाचतो, येणाऱ्याच्या सामानाच्या शुल्कमुक्त मर्यादेत बसलं की झालं. पण यात एक धोका आहे आणि तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. ईबेवर तक्रारीची ३० दिवसांची मुदत पार्सल तिकडच्या घरी पोहोचल्यापासून मोजतात, तुमच्या हातात आल्यापासून नाही. चार महिने कपाटात पडलेली कॅसेट पुण्यात किंवा कोल्हापुरात उघडली आणि नकली निघाली, तर करण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून मावशीकडे कॅसेटबरोबर तीन पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हरही पाठवा. तिला किंवा तिच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून पार्सल आल्याच्याच आठवड्यात कवच उघडायला सांगा, आणि पार्सल फोडण्यापासूनचं चित्रीकरण ठेवा.

इतर कन्सोलचं थोडक्यात

जुन्या गेम बॉयवरच्या ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’, ‘क्रिस्टल’ यांचा नियम वर सांगितलेल्याच्या उलट आहे. त्यांत सीआर२०२५ बॅटरी सेव्हही सांभाळते आणि घड्याळही, म्हणून बॅटरी गेली की सेव्ह जातो आणि तरीही कॅसेट अस्सल असू शकते.

डीएसवरच्या ‘हार्टगोल्ड’ आणि ‘सोलसिल्व्हर’च्या कार्डांना स्क्रू नसतो, उघडली तर मोडतात. सुदैवाने त्यांची एक वेगळी खूण आहे. त्यांत इन्फ्रारेडचा भाग बसवलेला असल्यामुळे कार्डाचं प्लास्टिक नेहमीच्या राखाडी रंगाचं नसून काळं, चकचकीत आणि तीव्र उजेडात किंचित आरपार दिसणारं असतं. राखाडी हार्टगोल्ड घेऊ नका. विक्रेत्याकडे खेळासोबत आलेलं ‘पोकेवॉकर’ असेल तर ते जोडून दाखवायला सांगा; बहुतेक नकलांमध्ये इन्फ्रारेडच नसतं.

एनईएसच्या बाबतीत आपल्याकडच्या जाहिरातींविषयी खास सांगायला हवं. १९९०च्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी जे टीव्हीवरचे व्हिडिओ गेम आले, ज्यांच्यावर आपण मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलो, ते बहुतेक जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटींना ६० पिना असतात, अमेरिकी एनईएसच्या कॅसेटला ७२. त्या काळातली एका कॅसेटमध्ये ६४ किंवा ९९९९ गेम असलेली पिवळी-निळी कॅसेट ‘रेअर ओरिजिनल निन्टेन्डो’ म्हणून हजारोंना विकायला काढलेली दिसते. आठवणीसाठी ती जरूर घ्या, तिलाही जागा आहे, पण शंभर-दोनशे रुपयांच्या वर देऊ नका. निन्टेन्डोने असली कॅसेट कधीच काढली नव्हती.

आणि कोणी १९९०च्या ‘निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’ या स्पर्धेची कॅसेट देऊ करत असेल तर लक्षात ठेवा, राखाडी ९० आणि सोनेरी २६ एवढ्याच निघाल्या. त्यांतली एखादी समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून तुमच्यापर्यंत येणार नाही.

नकलेतल्या स्वस्त बोर्डाचा आणखी एक तोटा पैशापलीकडचा आहे. एनईएस, सुपर निन्टेन्डो यांसारखी जुनी यंत्रं ५ व्होल्टवर चालतात आणि आजच्या फ्लॅश चिपा ३.३ व्होल्टच्या. मधे व्होल्टेज जुळवणारे भाग घालायला हवेत. पैसे वाचवण्यासाठी ते गाळले जातात. मग चिपेवर आणि यंत्रावर नको तो ताण येतो. तीस वर्षं जपलेलं यंत्र पाचशे रुपयांच्या कॅसेटसाठी पणाला लावू नये.

सीलबंद घेऊ नका

२०२१च्या जुलैमध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तेव्हापासून न उघडलेल्या जुन्या गेमवर गुंतवणूक म्हणून पैसे लावणारे वाढले. माझा सल्ला आहे की सामान्य ग्राहकाने या वाटेला जाऊ नये. अस्सलपणाचा सगळ्यात भक्कम पुरावा आत आहे आणि सीलबंद वस्तू उघडता येत नाही. उरतं ते प्लास्टिकचं वेष्टण, आणि ते पुन्हा घालता येतं. निन्टेन्डोच्या स्वतःच्या एनईएस खेळांच्या वेष्टणाला मागच्या बाजूला इंग्रजी एच अक्षरासारखी जोडणी असते हे खरं आहे, पण इतर कंपन्यांच्या खेळांना ती तशीच असेल असं नाही, आणि फोटोवरून जोडणीचा निकाल देणं जाणकारालाही अवघड जातं. दर्जा ठरवून कठीण प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देणाऱ्या संस्था आहेत. त्यांचं प्रमाणपत्र असेल तर क्रमांक त्यांच्या साइटवर तपासा, पेटीवरच्या स्टिकरवर विसंबू नका.

ओळखीचा माणूस म्हणून तपासणी सोडणंही महागात पडतं. २०२२मध्ये जुन्या संगणक-खेळांच्या संग्राहकांमध्ये, वर्षानुवर्षं जाणकार मानल्या गेलेल्या एका व्यक्तीवर बनावट खोके आणि फ्लॉपी विकल्याचा आरोप झाला. रकमेचा अंदाज एक लाख डॉलरच्या पुढे सांगितला गेला. संशय आल्यावर लोकांनी आपापल्या प्रती शेजारी ठेवून लेबलं आणि छपाई ताडून पाहिली, तेव्हा फरक दिसू लागले.

पैसे कसे द्यायचे, तक्रार कुठे करायची

परदेशी विक्रेत्याला कार्डाने किंवा पेपालच्या ‘वस्तू आणि सेवा’ पर्यायानेच पैसे द्या. पेपालवर तक्रारीला १८० दिवस मिळतात. ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण नाही, आणि विक्रेता दोन-चार टक्के सूट देऊन तोच पर्याय मागत असेल तर कारण उघड आहे. देशातल्या व्यक्तीकडून घेताना यूपीआयने आगाऊ पैसे पाठवू नका. यूपीआयने गेलेला पैसा कार्डासारखा बँकेकडून उलटा मागवता येत नाही. शहरातलाच विक्रेता असेल तर यंत्र आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन भेटा, समोर कवच उघडा, मग पैसे द्या. खऱ्या मालकाला यात अपमान वाटत नाही. बहुतेकदा तोही कौतुकाने आत डोकावतो.

तक्रार करताना ‘मला वाटतं ही नकली आहे’ असं लिहू नका. तुमच्या बोर्डाचा फोटो, अस्सल बोर्डाचा फोटो आणि फरकांवर केलेल्या खुणा असे एकत्र पाठवा. फसवणूक झाली असेल तर सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर, १९३० या क्रमांकावर, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. दुकान किंवा साइटने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बजेट कमी असेल तर

जपानी प्रत घ्या. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला देशांची बंधनं नाहीत, जपानी एमरल्ड आपल्याकडच्या यंत्रावर तशीच चालते. जपानमध्ये वापरलेल्या वस्तूंची हार्ड ऑफ आणि बुक ऑफसारखी साखळी दुकानं आहेत, माल भरपूर आहे आणि भाव इंग्रजी प्रतीच्या मानाने कितीतरी कमी. त्यामुळे नकला करण्यात फायदाही कमी. भाषा कळणार नाही ही अडचण खरी, पण संग्रहासाठी घेणाऱ्याला अस्सल वस्तू परवडणाऱ्या भावात मिळते. टोकियोला कामानिमित्त जाणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना कोड लिहून द्या: जपानी कॅसेटवर चार अक्षरांतलं शेवटचं अक्षर ‘ई’ नसून ‘जे’ असतं.

फक्त खेळायचं असेल आणि ‘रिप्रो’, म्हणजे नव्याने बनवलेली नक्कल, असं स्पष्ट लिहून कोणी आठ-दहा डॉलरला विकत असेल, तर ग्राहकाची फसवणूक होत नाही. कंपनीच्या हक्कांचा प्रश्न आणि सेव्ह जाण्याचा धोका मात्र राहतोच. ती वस्तू पुढे कधी विकलीत तर ‘रिप्रो’ हा शब्द जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहा.

अस्सल कॅसेट घेतलीत तर उघडली त्याच दिवशी बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून ठेवा, पावती आणि विक्रेत्याशी झालेल्या बोलण्यासह. बॅटरी बदलून घेतलीत तर त्याची तारीख टिपून ठेवा. पुढे विकायची वेळ आली की हेच फोटो जाहिरातीत टाका, कोणी मागण्याआधी.